स्मरणसूत्रे व तपासणीसूची : वैमानिकांच्या शिक्षणातून प्राथमिक शिक्षकांनी घ्यावयाचा बोध

प्रास्ताविक

विसर हा मनुष्याचा स्वभाव आहे. वर्गातील मूल बेरजेतील हातचा विसरते, तसाच अनुभवी मनुष्यही आपल्या रोजच्या कामातील एखादी पायरी विसरतो. मुलाच्या विसराची भरपाई खोडरबराने होते. विमानाच्या आसनावर बसलेल्या वैमानिकाच्या विसराची भरपाई पुष्कळदा होतच नाही. म्हणून लष्करी विमानशिक्षणात 'लक्षात कसे ठेवावे' हा शिक्षणाचाच एक भाग मानला गेला, आणि त्यातून लहान लहान स्मरणसूत्रे व तपासणीसूची निर्माण झाल्या.

हा विषय खेड्यातील शाळेपासून फार दूरचा वाटेल. परंतु यवतमाळ जिल्ह्याचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. वैमानिकांची तपासणीसूची जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत नेण्याच्या कार्याचे नेतृत्व करणारे शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांचे घराणे मूळचे उमरखेड परिसरातील उटी या गावचे. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे हे उटीचे शेतकरी, वडील डॉ. आत्माराम गावंडे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले व तेथेच शल्यचिकित्सक म्हणून स्थायिक झाले. आजी गोपिकाबाई यांचे नाव उमरखेडच्या महाविद्यालयास दिलेले आहे. डॉ. अतुल गावंडे यांनी 2009 साली तपासणीसूची या एकाच विषयावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात वैमानिकांची कथा विस्ताराने सांगितली. ती कथा शिक्षकांनीही जाणून घेण्यासारखी आहे.

1. एका अपघातातून निघालेला मार्ग

दि. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतील डेटन शहराजवळील राइट फील्ड या लष्करी विमानतळावर बोइंग कंपनीच्या 'मॉडेल 299' या चार इंजिनांच्या नव्या विमानाची चाचणी होती. विमान चालविणारे मेजर प्लोयर हिल हे लष्करातील कसलेले चाचणी-वैमानिक होते. विमान धावपट्टीवरून उचलले गेले, एकदम नाक वर करून चढू लागले, त्याचा वेग तुटला आणि ते खाली कोसळून पेटले. मेजर हिल व बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर यांचा त्या अपघातामुळे अंत झाला.

चौकशीत यंत्राचा काहीही दोष आढळला नाही. विमान उभे असताना वाऱ्याने त्याच्या शेपटीकडील झडपा हलून मोडू नयेत म्हणून त्यांना अडसर लावून ठेवतात. उड्डाणापूर्वी तो अडसर काढावयाचा असतो. तो काढावयाचा राहून गेला होता, एवढेच.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मेजर हिल अज्ञानी नव्हते, निष्काळजीही नव्हते. अडसर काढला पाहिजे हे त्यांना पक्के ठाऊक होते. परंतु नव्या विमानात लक्ष देण्याच्या गोष्टी इतक्या वाढल्या होत्या की, ठाऊक असलेली गोष्ट योग्य क्षणी आठवली नाही. ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे या दोन भिन्न शक्ती आहेत. यावर 'वैमानिकास आणखी शिकवा' हा उपाय नव्हता. लष्करी वैमानिकांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी व उतरल्यानंतर करावयाच्या कामांच्या छोट्या याद्या तयार केल्या. ज्या विमानाविषयी 'हे एका माणसास झेपणारे नाही' अशी शंका घेतली गेली होती, त्याच्या वंशातील बी-17 जातीची 12,731 विमाने पुढे बांधली गेली व तरुण वैमानिकांनी ती दुसऱ्या महायुद्धात चालविली.

2. भारतीय वायुसेनेतील शिक्षण

भारतीय वायुसेनेची स्थापना दि. 8 ऑक्टोबर 1932 रोजी झाली. तिच्या शिक्षणाची घडी प्रारंभी ब्रिटिश वायुसेनेच्या पद्धतीवर बसविलेली होती; त्यामुळे स्मरणसूत्रेही इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेली आली. स्वातंत्र्यानंतर शिकाऊ वैमानिकांसाठी 'एच. टी.-2' हे स्वदेशी विमान तयार झाले. ते 1951 साली प्रथम आकाशात उडाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर भागातील मराठी शास्त्रज्ञ होत. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात त्यांनी विमानशास्त्राचे अध्ययन केले होते. पुढील पायरीचे 'किरण' हे जेट विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आखले गेले आणि 1964 साली प्रथम उडाले.

पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे शिकून वायुसेनेचे छात्र हैदराबादजवळील डुंडीगल येथील वायुसेना अकादमीत जातात. पांढरकवड्यावरून दक्षिणेस जाणारा महामार्ग ज्या हैदराबादेस पोहोचतो, तेच हे शहर. उमरखेडच्या शेजारच्या हदगाव तालुक्यातील हस्तरा गावचे विवेक राम चौधरी याच मार्गाने वायुसेनेत गेले व 2021 ते 2024 या काळात वायुसेनाध्यक्ष झाले.

3. वैमानिकांची काही स्मरणसूत्रे

(अ) 'हॅसेल'. आकाशात कोलांट्या घेण्यापूर्वी, किंवा विमानाचा वेग मुद्दाम तोडून ते पुन्हा सावरण्याचा सराव करण्यापूर्वी, छात्र हे सूत्र म्हणतो. त्यात सहा आद्याक्षरे आहेत. 'हाइट' म्हणजे उंची : विमान घसरले तर सावरण्याइतकी उंची आहे काय? 'एअरफ्रेम' म्हणजे विमानाचा सांगाडा : पंखांच्या झडपा योग्य स्थितीत आहेत काय? 'सिक्युरिटी' म्हणजे बंदोबस्त : पट्टे आवळलेले आहेत ना, सुटी वस्तू पडलेली नाही ना? 'इंजिन' : तापमान व दाब ठीक आहेत काय? 'लोकेशन' म्हणजे ठिकाण : खाली गाव किंवा विमानतळ तर नाही? आणि शेवटी 'लुकआउट' म्हणजे टेहळणी : चोहोबाजूंस व खाली दुसरे विमान नाही ना? टेहळणी शेवटी का, हे ध्यानात घ्यावे. आधी पाहिले आणि मग पट्टे आवळीत बसले, तर तेवढ्या वेळात दुसरे विमान जवळ येऊ शकते. सूत्रातील क्रम हा कामाच्या गरजेतून आलेला आहे.

(आ) 'बम्फ'. हे उतरण्यापूर्वीचे सूत्र होय : ब्रेक, अंडरकॅरेज म्हणजे चाके, मिक्श्चर म्हणजे इंधन व हवेचे मिश्रण, पिच म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन, आणि फ्यूएल म्हणजे इंधन. यातील चाकांचे अक्षर विशेष महत्त्वाचे. अनेक विमानांची चाके उड्डाणानंतर पोटात ओढून घेतात आणि उतरण्यापूर्वी ती बाहेर काढावी लागतात. ती न काढता विमान पोटावर उतरल्याची उदाहरणे विमानविद्येच्या इतिहासात पुष्कळ आहेत. 'एच. टी.-2' ची चाके तर कायमची बाहेरच असत. तरीही अशा स्थिर चाकांच्या विमानांवर शिकणाऱ्यांकडून 'चाके – बाहेर व स्थिर' असे म्हणवून घेण्याची पद्धत विमानशिक्षणात रूढ आहे. आज न लागणारी सवय आजच का लावावयाची? कारण उद्या आत ओढावयाच्या चाकांचे विमान हाती येईल, तेव्हा सवय लावावयास वेळ उरणार नाही.

(इ) होकायंत्राचे सूत्र. नकाशावरील उत्तर व चुंबकसूची दाखविते ती उत्तर यांत स्थळपरत्वे फरक असतो. हा फरक पूर्वेकडे असेल तर नकाशावरील दिशेच्या अंशांतून तो वजा करावयाचा आणि पश्चिमेकडे असेल तर मिळवावयाचा. इंग्रजीत यासाठी यमक जुळविलेले आहे : 'ईस्ट इज लीस्ट, वेस्ट इज बेस्ट'. मराठीत 'पूर्व ऋण, पश्चिम धन' असे म्हणता येईल. उदाहरणार्थ, नकाशावरून दिशा 90 अंश निघाली आणि तेथील फरक 2 अंश पूर्व असेल, तर होकायंत्रावर 88 अंश धरावयाचे. 2 अंश पश्चिम असेल तर 92. विदर्भात हा फरक फारच थोडा आहे. परंतु जगाच्या काही भागांत तो वीस अंशांहूनही अधिक असतो, आणि तेथे ऋणाचे धन झाले तर विमान भलत्याच मुलखात जाते.

(ई) संकटकाळचे सूत्र. 'एव्हिएट, नॅव्हिगेट, कम्युनिकेट' : प्रथम विमान सांभाळा, मग दिशा पाहा, मग बोला. संकटात मनुष्याची पहिली धाव बोलण्याकडे असते. बिनतारी यंत्रावर हाक देता देता विमानच हातचे जाऊ नये म्हणून हा क्रम घोटून घेतला जातो.

4. सूत्र शिकविण्याची रीत

या शिक्षणातील सूत्रांपेक्षाही ती शिकविण्याची रीत शिक्षकांस अधिक उपयोगी आहे. तिचे चार विशेष सांगता येतील.

पहिला विशेष असा की, अक्षर तोंडाने उच्चारताना हात त्या खटक्यावर व डोळा त्या काट्यावर जाईल, असाच सराव असतो. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात छात्राचे डोळे बांधून प्रत्येक कळ स्पर्शाने ओळखावयास लावण्याची पद्धतही प्रसिद्ध आहे. केवळ तोंडाने म्हटलेले सूत्र म्हणजे पूर्ण केलेली तपासणी नव्हे.

दुसरा विशेष : म्हणताना मध्ये व्यत्यय आला, तर पुढून न धरता पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करावयाचा.

तिसरा विशेष : पाठ करावयाचे ते थोडे व अत्यंत तातडीचे. बाकीचे छापील कागदावर असते व ते वाचून करावयाचे असते. तपासणीसूची एका वेळी साधारण पाच ते नऊ बाबींची असावी, असा अनुभवी रचनाकारांचा दंडक डॉ. गावंडे यांनी नमूद केला आहे. यादी लांबली की मनुष्य तिला टाळू लागतो.

चौथा विशेष : मोठ्या विमानात एकजण वाचतो व दुसरा पाहून उत्तर देतो. कनिष्ठाने वरिष्ठास आठवण करून देणे हा तेथे उद्धटपणा समजला जात नाही. ते त्याचे कर्तव्यच असते.

हे नियम पाळले न गेल्यास काय होते, याचे एक दुःखद उदाहरण नागरी वाहतुकीतील आहे. दि. 16 ऑगस्ट 1987 रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एक प्रवासी विमान पंखांच्या झडपा न काढताच उड्डाणास निघाले व कोसळले. एकूण 156 लोक मृत्युमुखी पडले. विमानातील केवळ एक चार वर्षांची मुलगी वाचली. झडपा तपासण्याची बाब त्यांच्या सूचीत होती. पण ती सूची त्या वेळी वापरलीच गेली नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. सूची जवळ असणे पुरेसे नाही. ती प्रत्येक वेळी वापरली पाहिजे.

5. विमानातून शस्त्रक्रियागृहात

जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेसाठी 19 बाबींची सूची तयार केली व 2008 साली ती प्रसिद्ध केली. रोग्याचे नाव विचारून खात्री करणे, शस्त्रक्रियेची जागा निश्चित करणे, शेवटी सुया व कापसाचे बोळे मोजणे, अशा साध्याच गोष्टी तीत आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा 1.5 वरून 0.8 वर आले आणि गंभीर गुंतागुंत शेकडा 11 वरून 7 वर आली.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर प्रदेशातील 120 आरोग्यकेंद्रांत बाळंतपणासाठी अशाच सूचीचा मोठा प्रयोग झाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात परिचारिकांच्या कामात सुधारणा दिसली, तरी माता व बालके यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. सूची विसरावर उपाय आहे. साधनांच्या व कौशल्याच्या उणिवेवर ती एकटी उपाय होऊ शकत नाही.

6. आपली स्मरणसूत्रे

स्मरणसूत्र ही काही परकी वस्तू नव्हे. छंदःशास्त्रातील आठ गण व लघुगुरू ध्यानात ठेवण्यासाठी 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणणारी जुनी शाळा तर स्मरणावरच उभी होती. मुठीच्या उंचसखल सांध्यांवर महिन्यांचे दिवस मोजणे, इंद्रधनुष्याच्या रंगांसाठी 'तानापिहिनिपाजा', पदावलीसाठी 'कंचेभागुबेव' ही सूत्रे आजही वर्गावर्गांतून ऐकू येतात.

मात्र अर्थ सुटलेले सूत्र फसविते. 'कंचेभागुबेव' मध्ये बेरीज आधी व वजाबाकी नंतर आली आहे. 10 − 4 + 3 हे उदाहरण दिल्यास केवळ सूत्र घोकलेले मूल आधी 4 व 3 यांची बेरीज करते व 10 मधून 7 वजा करून 3 हे उत्तर लिहिते. खरे उत्तर 9 आहे. कारण बेरीज व वजाबाकी यांचा मान सारखा असून त्या डावीकडून उजवीकडे क्रमाने करावयाच्या असतात. भागाकार व गुणाकार यांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून सूत्राबरोबर त्यामागील कारण व त्याची मर्यादा ही दोन्ही सांगितली पाहिजेत. वैमानिक 'टेहळणी शेवटी का' हे जाणतो, म्हणूनच त्याचे सूत्र जिवंत राहते.

7. जिल्ह्यासाठी एक पाठ : 'वाचवा' आणि 'धुवा'

2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. हे संकट केवळ विसरामुळे आले असे म्हणणे त्या मृतांवर अन्याय करण्यासारखे होईल. संरक्षक साधनांचा अभाव, औषधांची जहाल मिश्रणे, डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी अशी अनेक कारणे त्यामागे होती. तथापि ज्या थोड्या गोष्टी प्रत्येक घराच्या हाती आहेत, त्या वेळेवर आठवल्या पाहिजेत. आणि शाळेतील मूल हे घरातील उत्तम आठवण देणारे असते. यासाठी वैमानिकांच्या रीतीने पुढील सूत्र वर्गात शिकविता येईल.

फवारणीपूर्वी 'वाचवा' :
वा – वाचन. डब्यावरील माहिती वाचणे व तिकोनाचा रंग पाहणे. तांबडा रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम विषारी, हिरवा त्या मानाने सौम्य. हिरवा रंगही विषाचाच आहे, हे सांगावे.
च – चढविणे. अंगभर कपडे, हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पायांत बूट चढविणे.
वा – वारा. वारा पाठीशी घेऊन फवारणे. समोरून वारा येत असेल किंवा तो जोराचा असेल तर थांबणे.

फवारणीनंतर 'धुवा' :
धु – धुणे. साबणाने हातपाय व सर्वांग धुणे. त्यापूर्वी खाणे, पाणी पिणे, तंबाखू किंवा विडी वर्ज्य.
वा – वाळविणे. फवारणीचे कपडे इतर कपड्यांपासून वेगळे धुऊन उन्हात वाळविणे.

'वाचवा' मध्ये 'वा' दोनदा येतो. त्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून मुलांना सांगावे की, पहिला 'वा' घरात व दुसरा शेतात. डबा घरातच वाचावयाचा. वारा शेतातच पाहावयाचा.

पाठाच्या पायऱ्या : (1) मेजर हिल यांची कथा सांगून 'त्यांना काय ठाऊक नव्हते?' असा प्रश्न विचारावा. 'सर्व ठाऊक होते' हे उत्तर मुलांकडूनच यावे. (2) सूत्र फळ्यावर लिहावे व प्रत्येक अक्षराचे कारण मुलांकडून काढून घ्यावे. (3) पटांगणात मूठभर धूळ सोडून वाऱ्याची दिशा ओळखावयास लावावी. (4) दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने अक्षर म्हणावे, दुसऱ्याने ती कृती करून दाखवावी. मध्ये मुद्दाम अडथळा आणावा व पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करावयास लावावे. (5) कागदावर सूत्र लिहून ते घरी पंप ठेवण्याच्या जागी लावावयास सांगावे.

दक्षता : या पाठात खऱ्या औषधाचा डबा किंवा रिकामी बाटलीही वर्गात आणू नये, चित्र पुरेसे आहे. मुलांनी फवारणीच्या कामास किंवा फवारलेल्या शेतात जावयाचे नाही. त्यांचे काम घरून निघताना आठवण देण्याचे. डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, मळमळ, भोवळ यांपैकी काहीही झाल्यास काम तत्काळ थांबवून, औषधाचा डबा किंवा त्यावरील कागद बरोबर घेऊन रुग्णालय गाठावयाचे, हेही मुलांस सांगावे. घरी मोठ्यांनी मुलाच्या आठवणीस राग न मानावा, यासाठी पालकसभेत हा विषय शिक्षकांनी स्वतः मांडावा.

8. समारोप

चांगले स्मरणसूत्र लहान असते, त्यातील क्रम कामाच्या क्रमाशी जुळतो, प्रत्येक अक्षरामागे कारण असते आणि म्हणण्याबरोबर कृती होते. या चार कसोट्या लावून शिक्षकांनी आपली जुनी सूत्रे पारखावीत व लागतील तेथे नवी तयार करावीत. सूत्र मुलांनी स्वतः रचले तर ते अधिक टिकते. मेजर हिल यांना अडसर ठाऊक होता. उणीव होती ती त्या क्षणी 'अडसर' असा उच्चार करणाऱ्याची. कापसाच्या हंगामात सकाळी पंप पाठीवर घेऊन निघालेल्या बापाला दारातून 'बाबा, वाचवा म्हटले का?' असे विचारणारे मूल ही उणीव भरून काढू शकेल.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

1. 'ठाऊक असणे' व 'वेळेवर आठवणे' यांतील भेद वर्गातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
2. आपल्या शाळेत प्रचलित असलेली तीन स्मरणसूत्रे लिहून त्यांस वरील चार कसोट्या लावा.
3. शाळा बंद करताना, सहलीस निघताना व पोषण आहार वाढण्यापूर्वी करावयाच्या तपासणीची, प्रत्येकी सातपेक्षा अधिक बाबी नसलेली, सूची तयार करा.
4. विद्यार्थ्याने शिक्षकास विसरलेल्या गोष्टीची आठवण करून दिली असता वर्गात काय घडावयास हवे?